पाठीच्या पाण्यात जंतू शिरले तर

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गडहिंग्लजकडचे एक काका आमच्या लॅबच्या काउंटरला आले, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, अंगावर रेनकोट, आणि पिशवीतून त्यांनी लहान मुलांचा पाण्याचा थर्मास काढला. झाकण उघडलं तर आत बर्फ आणि बर्फात रुतवलेल्या तीन छोट्या बाटल्या. "म्याडम, पोराचं पाठीचं पाणी हाय, दोन तास लागलं बघा, पर अजिबात खराब हू दिलं न्हाई." ज्या हॉस्पिटलनं पाणी काढून बाटल्या त्यांच्या हातात दिल्या होत्या त्यांनी कसं न्यायचं ते काही सांगितलंच नव्हतं, मग काकांनी मासे आणतो तसं बर्फात आणलं. आता त्या माणसाला कसं सांगायचं की मेंदूज्वराचे जे दोन-तीन नेहमीचे जंतू आहेत त्यातले काही थंडीनंच मरतात, आणि हे पाणी बर्फात न ठेवता साध्या खोलीतल्या हवेत, तासाभरात लॅबमध्ये पोचायला लागतं. उशीर झाला की त्यातल्या पेशी पण फुटायला लागतात आणि मोजायला काही राहत नाही.

मी काही बोलले नाही, बाटल्या घेतल्या आणि आत गेले. पण तेव्हापासून डोक्यात आहे की ह्या पाण्याबद्दल एकदा नीट लिहावं, कारण काउंटरवर रोज तेच प्रश्न येतात आणि आपण घाईत दोन शब्दात उत्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे ह्याला आपण पाठीचं पाणी म्हणतो पण ते पाठीत तयार होत नाही, मेंदूच्या आत ज्या पोकळ्या असतात तिथे तयार होतं आणि मेंदूभोवती, मणक्यातल्या मज्जारज्जूभोवती फिरून परत रक्तात जातं. मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिली असतं, म्हणजे घरच्या कपानं एक कप चहा. पण दिवसाला तयार होतं ५०० मिलीच्या आसपास, म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. काम काय तर मेंदू तरंगता ठेवणं. १४०० ग्रॅमचा मेंदू ह्या पाण्यात असताना जेमतेम ५० ग्रॅमचा असल्यासारखा भरतो, नाहीतर स्वतःच्याच वजनानं खालच्या नसा दाबल्या असत्या.

आणि हे पाणी इतकं स्वच्छ असतं की बाटली कागदावर धरली तर मागची अक्षरं वाचता येतात. पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये पाचपर्यंत, प्रोटीन १०० मिलीत १५ ते ४५ मिलिग्रॅम, तेच रक्तात सात हजाराच्या घरात. ऐकायला छान वाटतं पण गोम इथेच आहे. पांढऱ्या पेशी, अँटीबॉडी हे सगळे आपले राखणदार, आणि ते ह्या पाण्यात जवळजवळ नाहीतच. रक्तात चार जंतू घुसले तर शंभर जण त्यांच्यावर तुटून पडतात. इथे घुसले तर साखर पण आहे, ऊब पण आहे आणि अडवणारं कोण नाही, रिकाम्या बंगल्यात चोर शिरल्यासारखं. म्हणजे जंतू तोच, छातीत गेला तर न्यूमोनिया, कानात गेला तर कान फुटतो, आणि ह्या पाण्यात गेला तर काही तासात माणूस बेशुद्ध. फरक जागेचा आहे. उपचारात जे जे विचित्र वाटतं, एवढी इंजेक्शनं का, एवढे दिवस का, डोक्यात बसवलेली नळी परत का काढली, ते सगळं ह्या जागेमुळे.

दुसरी अडचण औषधाची. रक्त आणि मेंदू ह्यांच्यामध्ये एक भिंत असते, रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की बरीचशी औषधं पलीकडे जातच नाहीत. आपल्या माणसाला समजवायचं तर मी बंधारा सांगते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा कुणी बघितला नाही, दगडी खांब आणि मधे बरगे म्हणजे आडव्या फळ्या, बरगे बसवले की पाणी अडतं. तसे मेंदूचे बरगे कायम बसवलेले असतात. जंतू घुसून सूज आली की हे बरगे ढिले होतात आणि इंजेक्शनचं औषध आत झिरपायला लागतं, म्हणजे सुजेचा तेवढा एक फायदा. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला, पेशंट उठून बसला, मिसळ मागायला लागला, की सूज कमी होते, बरगे परत घट्ट होतात आणि औषध आत जायचं कमी होतं. आणि नेमकं त्याच दिवशी घरचे म्हणतात डॉक्टर आता बरा आहे, गोळ्या लिहून द्या, घरी घेऊन जातो. म्हणून डोस शेवटच्या दिवसापर्यंत तेवढाच भारी ठेवावा लागतो, आणि गोळ्यांवर भागत नाही कारण पोटातून रक्तात आणि रक्तातून बंधारा ओलांडून आत इतकं औषध पोचतच नाही.

ह्या पाण्यात जंतू शिरले, म्हणजे मेंदूज्वर झाला, हे ओळखायचं कसं? ताप, प्रचंड डोकं दुखणं, उलटी, मान आखडणं, उजेड सहन न होणं आणि बडबड किंवा गुंगी. सगळी लक्षणं एकत्र येतीलच असं नाही. तान्ह्या बाळात मान आखडेलच असं पण नाही, ते दूध ओढत नाही, किरकिर करतं, टाळू फुगलेली लागते. म्हाताऱ्या माणसात कधी कधी फक्त भ्रम, "आजी दोन दिवस झालं उलटंसुलटं बोलतीया" एवढंच. अंगावर लालसर-जांभळे ठिपके आले आणि काचेचा ग्लास दाबून बघितला तरी जात नाहीत तर रिक्षा गाठा, सकाळची वाट बघू नका. सावळ्या कातडीवर ठिपके पटकन दिसत नाहीत, तळहात आणि पापणीच्या आतल्या बाजूला बघायचं.

आता पाणी काढायचं म्हटलं की वॉर्डात जो गोंधळ होतो तो. "पाठीचं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो" हे वाक्य मी कागलपासून राधानगरीपर्यंत सगळीकडच्या माणसांकडून ऐकलंय. बघा, मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे, म्हणजे खाली. तिथे घोड्याच्या शेपटीसारखे नुसते नसांचे धागे पाण्यात लोंबकळत असतात, सुई आली की बाजूला सरकतात. क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९१ मध्ये ही पद्धत आणली, आजही साधारण तशीच करतात. आणि सिझरला जी भूल देतात ना, ती ह्याच जागी, तशाच सुईनं. तालुक्यात सिझर झालेल्या किती बायका आहेत, त्यातल्या किती लुळ्या पडल्या, मोजा की. एका मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आगं बया, माझं बी सिझरच हाय," आणि सही केली. दुखणं होतं ते डोकं, एक-दोन दिवस, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी.

"किती पाणी काढलं हो?" हा पुढचा प्रश्न, जसं काही बाटलीभर रक्त गेलं. बहुतेक वेळा ५ ते १० मिली काढतात आणि शरीर तेवढं अर्ध्या तासात परत तयार करतं. उलट जास्त पाणी मिळालं तर आम्हाला बरं, कारण टीबीचे जंतू ह्या पाण्यात फार थोडे असतात, दोन थेंबात ते सापडायचे कसे.

सगळ्यांचंच पाणी लगेच काढतात असं नाही. झटके आलेत, एक बाजू लुळी आहे, शुद्ध हरपत चाललीय, अशा वेळी आधी सीटी स्कॅन करून आत दाब वाढलाय का ते बघतात. पण स्कॅनच्या रांगेत पेशंट थांबला तरी औषध थांबत नाही, रक्ताचा कल्चर (जंतू उगवून बघायची तपासणी) घेऊन पहिला डोस लगेच.

आमच्याकडे बाटली आली की मी पहिलं उजेडात धरते. स्वच्छ आहे, का भाताच्या पेजेसारखं गढूळ. गढूळ म्हणजे पेशी शेकड्यांनी, बहुतेक वेळा साधे बॅक्टेरिया, पेशी हजारात जातात, साखर खाली येते, प्रोटीन वर जातं. टीबी असला तर पेशी तशा कमी, वेगळ्या जातीच्या, साखर खाली, प्रोटीन चांगलंच वर, आणि बाटली तशीच उभी ठेवली की कधी कधी आत कोळ्याच्या जाळ्यासारखा नाजूक पडदा धरतो, पहिल्यांदा बघितला तेव्हा मी सगळ्यांना बोलवून दाखवला होता. व्हायरल असलं तर साखर बहुतेक ठीक असते. आणि ह्या साखरेचा एक घोटाळा आहे, पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या दोन तृतीयांश असायला पाहिजे, म्हणजे रक्ताची साखर त्याच वेळी तपासली नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. शुगरच्या पेशंटची रक्तातली साखर ३०० आणि पाण्यातली ७०, रिपोर्टवर नॉर्मल दिसतं आणि असतं ते कमी.

एक विनंती. पेशंटला आधी गल्लीतल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं असेल किंवा मेडिकलमधून कुठली अँटिबायोटिक घेतली असेल तर ती स्ट्रीप, ती चिठ्ठी सोबत आणा. कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत आणि आम्ही डोकं खाजवत बसतो, नंतर कळतं की तीन दिवस गोळ्या चालू होत्या.

बॅक्टेरियाच्या मेंदूज्वरात घड्याळ बघून काम चालतं. मोठ्या माणसाला सेफ्ट्रायाक्झोन २ ग्रॅम दर १२ तासांनी, जोडीला व्हॅन्कोमायसिन, वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर लिस्टेरिया नावाच्या जंतूसाठी अँपिसिलिन पण. पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड, चार दिवस. जंतू मारायच्या वेळी सूज कमी करायचं औषध कशाला? कारण जंतू फुटले की त्यांच्या तुकड्यांनी सूज अजून भडकते आणि त्या सुजेनं कान जातात, मेंदू दबतो. २००२ मध्ये युरोपातल्या ३०१ पेशंटवरचा एक अभ्यास आला, स्टिरॉइड दिलेल्यात मृत्यू ७ टक्के, न दिलेल्यात १५. बंधाऱ्याच्या हिशोबात हे थोडं उलटं पण पडतं, स्टिरॉइडनं बरगे घट्ट होतात, म्हणून औषधाचा डोस अजून सांभाळावा लागतो. किती दिवस हे जंतूवर, मेनिंगोकॉकसला ७, न्यूमोकॉकसला १० ते १४, काही हट्टी जंतूंना २१. आणि बरं होऊन घरी जाताना कानाची तपासणी केल्याशिवाय जाऊ नका, लहान पोर बहिरं झालंय हे वर्षभरानं बोलत नाही म्हणून कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

टीबीचा मेंदूज्वर एकदम वेगळा, हळू येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकं दुखतंय, चिडचिड, जेवण नाही, पोरगं शाळेत लक्ष देत नाही, मग एक दिवस डोळे तिरळे किंवा झटका. मधल्या काळात बाहेरचं झालंय म्हणून लिंबू-नारळ उतरवून झालेलं असतं. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, जोतिबाला मी पण जाते, पण नारळ उतरवा आणि त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात या, दोन्ही होतंय की. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत आणि कोर्स साधारण वर्षभराचा. फुप्फुसाच्या टीबीला सहा महिने आणि ह्याला वर्ष का? परत तीच जागा. चार औषधांपैकी दोन आत चांगली पोचतात, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल मात्र फार थोडी. आणि एक, सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधायची मशीनवरची तपासणी, निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही असं होत नाही, डॉक्टर तरीही औषध चालू करतात तेव्हा भांडू नका.

आता जी दारं आपण स्वतःच उघडतो त्यांच्याबद्दल. पोकळ्यांमधलं पाणी तुंबलं की शंट बसवतात, डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत बारीक नळी. ह्या नळीला इन्फेक्शन झालं तर बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यातच होतं आणि जंतू कुठला, तर आपल्याच कातडीवर गुपचूप राहणारा, एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. पंचगंगेच्या घाटाच्या पायरीवर जसं शेवाळ धरतं आणि बादलीभर पाणी ओतून निघत नाही, तसा हा जंतू नळीवर बुळबुळीत थर करून त्याखाली बसतो. औषध वरून वाहून जातं. म्हणून नळी काढावी लागते, तात्पुरती बाहेरची नळी लावून पिशवीत पाणी घ्यायचं, औषध द्यायचं, पाणी स्वच्छ आलं की नवीन शंट. नातेवाईकांना वाटतं पैसे उकळायला तिसरं ऑपरेशन, पण जुनी नळी तशीच ठेवून नुसतं औषध दिलं तर इन्फेक्शन परत उलटायची भीती फार. ब्रिटन-आयर्लंडमध्ये १६०० च्या वर पेशंटवर तपासून २०१९ ला छापून आलं की अँटिबायोटिक मुरवलेली नळी वापरली तर इन्फेक्शन २ टक्के, साधी वापरली तर ६. महाग असते, पण डॉक्टरांना विचारायला काय जातंय. शंट असलेल्या पोराला ताप, उलट्या, सुस्ती, नळीवरून लाल रेघ, नाहीतर नुसतं पोट दुखलं तरी शंटवाल्या डॉक्टरला दाखवायचं.

आणि बाहेरची नळी लावलेला पेशंट आयसीयूत असेल तर कृपा करून खाटेला हात लावू नका. ती पिशवी पेशंटच्या कानाच्या उंचीवर हिशोब करून टांगलेली असते. एका आजोबांना "जरा बसवतो" म्हणून लेकानं खाट वर केली आणि तासाला यायचं तेवढं पाणी पाच मिनिटात पिशवीत आलं, सिस्टर धावत आली म्हणून निभावलं. नळीचे जोड उगीच उघडायचे नाहीत, रोज उगीच सॅंपल काढायचं नाही, कारण प्रत्येक वेळी दार उघडतं. हॉस्पिटलातले जंतू इतके निर्ढावलेत की कधी कधी शिरेतलं औषध पुरत नाही, मग कोलिस्टिन किंवा व्हॅन्कोमायसिन सरळ ह्या नळीतून आत सोडतात आणि थोडा वेळ नळी बंद ठेवतात. बंधारा फोडता येत नाही म्हणून वळसा घालायचा.

भूल देताना, पाणी काढताना मास्क का, तर तोंडातले जंतू बोलता बोलता सुईवर उडतात, अशा केसेस झाल्यात. आणि अमेरिकेत २०१२ मध्ये पाठदुखीच्या इंजेक्शनच्या बाटल्यांतच बुरशी होती, ७५० च्या वर लोक आजारी पडले आणि ६० च्या वर गेले.

टाळायचं म्हटलं तर लस. जन्मल्यावर बीसीजी, ती लहान पोरांना टीबीच्या मेंदूज्वरापासून सांभाळते, दंडावरचा व्रण म्हणजे तीच. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा, त्यात हिब नावाच्या, मेंदूज्वर करणाऱ्या आणखी एका जंतूची लस आहे. ६ आणि १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना न्यूमोकॉकसची, ती २०२१ पासून देशभर फुकट आहे. मेनिंगोकॉकसची मात्र सरकारी यादीत नाही, हजला जाणाऱ्यांना वगैरे देतात. गंमत बघा, आफ्रिकेत ह्या जंतूच्या साथींनी गावंच्या गावं आडवी व्हायची, तिथे २०१० मध्ये जी लस गेली आणि ए प्रकारची साथ जवळजवळ संपली, ती बनली पुण्यात, सीरममध्ये. पाच प्रकारांवरची नवीन लस पण तिथलीच, २०२४ ला नायजेरियात सुरू झाली. घरात कुणाला मेनिंगोकॉकस निघाला तर एका ताटात जेवणाऱ्यांनी, एका खोलीत झोपणाऱ्यांनी लगेच डॉक्टरांकडून प्रतिबंधक औषध घ्यायचं, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा एकच डोस किंवा रिफाम्पिसिन दोन दिवस, पण मनानं नाही.

लसीइतकंच मला कानाबद्दल सांगायचंय. वाहता कान. "लहानपणापासून वाहतोय, त्याला काय होतंय" म्हणत कोमट तेल ओतणारी घरं मी बघितलीत. त्या कानाच्या आणि मेंदूच्या मधे पातळ हाड असतं, पू ते खाऊन आत जातो. घाण वास येणारं, वर्षानुवर्षं वाहणारं कान म्हणजे नाक-कान-घसा डॉक्टर, तेल नाही. तसंच गाडीवरून पडून डोक्याला मार लागला आणि नंतर वाकलं की एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकतंय, तर ती सर्दी नव्हे, आतलं पाणी गळतंय आणि त्याच वाटेनं जंतू वर जाऊ शकतात. नाक जोरात शिंकरू नका, सरळ न्यूरोसर्जन. आणि हेल्मेट घाला की रं, केस विस्कटतात म्हणून गाडीला अडकवून फिरायचं.

केरळात अमिबानं होणाऱ्या मेंदूज्वराच्या बातम्यांनंतर विहिरीत पोहू का असं पण विचारतात. तो आजार फार क्वचित होतो, कोमट गोड्या पाण्यातून नाकावाटे जातो, पाणी पिऊन होत नाही. उन्हाळ्यात तळ गाठलेल्या गढूळ विहिरीत सूर मारू नका, नाक धुवायला उकळून गार केलेलं पाणी वापरा.

तर ते थर्मासवाले काका. त्या बर्फातल्या बाटलीत कल्चर काही उगवला नाही. पेशी फुटलेल्या होत्या पण साखर खाली होती, पाणी गढूळ होतं, तेवढ्यावर डॉक्टरांनी औषध ठरवलं, पोराला कोल्हापुरात आमच्याकडेच हलवलं. नेमका जंतू हाती नव्हता म्हणून काही दिवसांनी परत पाणी काढून बघायचं ठरलं. काका वॉर्डातून चालत आले, शर्टाच्या वरच्या खिशात बाटली, वरून तळहात दाबून धरलेला, लिफ्टची वाट बघितली नाही म्हणून धाप लागलेली. "धा मिंटं झाली म्याडम, बर्फ न्हाई काय न्हाई." मी बाटली ट्यूबलाइटखाली धरली. मागच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती.